गाडी खाकरली नाही

शेवटी गाडी खाकरली. चांगली घसा साफ करून, वडीलधाऱ्या माणसासारखी खाकरली आणि अख्खं आवार बाजूला झालं.

आता हे विसरायचं. असं काही घडलेलंच नाही. कंपनीचं अधिकृत म्हणणं आहे की तिची कुठलीही गाडी कधीही, कुठेही खाकरलेली नाही, आणि तसं कुणाला ऐकू आलं असेल तर त्याने कान तपासून घ्यावेत. तेव्हा आपणही काही झालं नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

पहिल्यापासून म्हणजे भोंग्यापासून. भोंगा हे काही माणसाचं नाव नव्हे, पण कंपनीत त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या त्या कंपनीत आवाज विभाग नावाचा एक विभाग होता आणि तो विभाग म्हणजे हा एकटा. काम सांगायला सोपं होतं. विजेची गाडी हळू चालते तेव्हा तिचा आवाजच येत नाही. इंजिन नाही, धडधड नाही; पाठीमागून मांजरासारखी येते. म्हणून कायदा म्हणतो की वेग कमी असताना गाडीने काहीतरी आवाज करावा, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला सुगावा लागेल. हे ‘काहीतरी’ भोंग्याने तयार करायचं. पुढच्या बंपरमागे एक छोटा स्पीकर असतो, त्यातून ते वाजणार.

यासाठी त्याला जी खोली दिली होती ती पूर्वी झाडू ठेवायची खोली होती. झाडू अजूनही तिथेच होते, कारण त्यांना दुसरी जागा मिळाली नव्हती. भोंग्यालाही नव्हती. दोघांचं बरं चाललं होतं.

समोर दिवे विभाग होता आणि त्याला अख्खा मजला होता. गाडीच्या आत जो उजेड असतो, दारांच्या कडेने, पायांपाशी, कप ठेवायच्या खळग्यात, तो सगळा इथे जन्माला यायचा. विभागाच्या प्रमुख बाईंना पाठीमागे सगळे ‘झुंबर’ म्हणत आणि समोर ‘मॅडम’. त्यांच्या प्रत्येक छटेला नाव होतं. ‘निवांत’ होती, ‘गहन’ होती, आणि ‘विरह’ नावाच्या छटेवर तर अख्खा उन्हाळा काम चाललं होतं. विरह आधी जांभळा होता. त्याने चालवणाऱ्याला झोप येते असं लक्षात आल्यावर तो जरा गुलाबी केला, तेव्हा लोकांना भूक लागायला लागली. शेवटी मधला काहीतरी विरह मंजूर झाला.

भोंग्याला त्यांचा हेवा वाटायचा का? वाटायचा. पण खरी गोम निराळी होती.

घरी बाबा होते आणि ताई होती. बाबा जन्मभर ग्रंथपाल. त्यांच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी कधी लागली नाही, कारण बाबा खाकरायचे. मोठ्याने नाही, रागानेही नाही. कोरडं, आखूड, शेवटाला किंचित वर उचललेलं असं ते खाकरणं होतं. ते ऐकलं की टेबलावरचे पाय खाली यायचे, कुजबुज थांबायची, आणि कपाटासमोर रेंगाळलेला माणूस मागे न बघता बाजूला सरकायचा. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. आता उजेड आहे की अंधार एवढं कळायचं, मधलं काही नाही. तरी रोज सकाळी काठी घेऊन ते बाइंडरकाकांच्या दुकानात जायचे. बाइंडरकाका म्हणजे वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवून देणारे त्यांचे जुने मित्र. काका पेपर मोठ्याने वाचायचे, बाबा प्रत्येक बातमीवर भांडायचे, आणि दोघांचाही दिवस चांगला जायचा. मधे दोन वळणं आणि एक चौक. तो रस्ता बाबा कानांनी चालायचे.

मग एका सकाळी कोपऱ्यावर एक पांढरी गाडी मागे मागे आली आणि बाबांच्या काठीवर चढली. काठी मोडली. बाबांना खरचटलंही नाही. पण गाडीतला माणूस खाली उतरून म्हणाला, “सॉरी हं आजोबा, ऐकू नाही का आलं?” आणि ते वाक्य बाबांना गाडीपेक्षा जोरात लागलं.

“जन्मभर लोकांना गप्प बसवलं,” घरी येऊन ते म्हणाले, “आणि आता ती शांतताच अंगावर यायला लागली. तुमची का रे ती गाडी?”

“कंपनीची,” भोंगा म्हणाला.

“मग बोलायला शिकव तिला. ती बोलायला लागली की मी घराबाहेर पडेन. तोवर मी आहे आणि ही खुर्ची आहे.”

“म्हणजे तोवर तुम्ही आहात, खुर्ची आहे, आणि मी आहे,” ताई म्हणाली.

तिचं म्हणणं चार दिवसांत खरं ठरलं. रिकाम्या बाबांनी स्वयंपाकघराचं वर्गीकरण करायला घेतलं. हाताने चाचपून डबे विषयवार लागले. साबणाचा चुरा आणि रवा एका खणात गेले. चहाचा डबा संदर्भ विभागात गेला, म्हणजे तो जागेवरून हलवायचा नाही, तिथेच उभं राहून वापरायचा. ताई चमच्यात चहाची पूड घेऊन घरभर फिरायला लागली.

“भाऊराया,” ती एकदा दातओठ खात म्हणाली, “तुझी गाडी बोलेल तेव्हा बोलेल. त्याआधी मी ओरडेन.”

बाबा दिवसेंदिवस बारीक होत होते हे मात्र दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही. बाइंडरकाका फोनवर बातम्या वाचायचे आणि बाबा म्हणायचे, “असेल बुवा.” भांडण नाही. बाबा ‘असेल बुवा’ म्हणतात याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता.

त्या पांढऱ्या गाडीला आवाज नव्हता असं नाही. होता. त्याचं नाव ‘झुळूक’. तो मंजूर कसा झाला हे सांगायला हवं, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

कंपनीत एक परीक्षण समिती होती. तिची पहिली बैठक आवारात ठरली होती आणि त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, जरा गाडीत बसू या. बसले. सीट मागे झुकल्या, गार हवा सुरू झाली, दिवे विभागाने ‘निवांत’ लावला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. भोंग्याने आवाज आणायचा, तो बाहेर वाजायचा, आणि समितीने दारं-काचा लावून, आत बसून, त्याला गुण द्यायचे. जो आवाज आत ऐकू येईल त्याचे गुण कापले जात, कारण त्याने आतल्या शांततेचा भंग होतो. जो मुळीच ऐकू येणार नाही तो पहिला. ‘झुळूक’ पहिली आली होती. भोंग्याला स्वतःलाही ती ऐकायला बंपरला कान लावून रांगावं लागायचं.

बाबांची काठी मोडल्यावर तो तडक मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला. साहेब तेव्हा गाडीतच होते. बैठका हल्ली तिथेच व्हायच्या. काच चार बोटं खाली आली.

“साहेब, हा आवाज बाहेरचा आहे. तो बाहेर उभं राहून ऐकायचा असतो.”

“भोंगा, आपला ग्राहक कुठे बसतो?”

“आत.”

“मग? आम्ही ग्राहकाच्या जागी बसून विचार करतोय. उलट कौतुक करायला हवं तू.”

“पण आवाज ग्राहकासाठी नाहीये. रस्त्यावरच्या माणसासाठी आहे.”

“त्याने आपली गाडी घेतलीय?”

“नाही.”

“मग त्याच्या आवडीनिवडीचं काय घेऊन बसलास?”

शेजारच्या सीटवरून झुंबर मॅडम पुढे झुकल्या. त्या स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट उजेडाने सुटेल असं वाटायचं. “मी काय म्हणते, आपण आतले दिवेच जरा वाढवू. गाडी अशी उजळून निघेल की समोरच्याला दिसेलच.”

“मॅडम, ज्याला दिसतच नाही त्याचं काय?”

“त्याच्यासाठी आवाज आहे ना तुझा.”

“तो ऐकू येत नाही.”

“म्हणून तर दिवे वाढवू या म्हणतेय.”

काच चार बोटं वर गेली.

त्यानंतर त्याने आवाजांचा सपाटा लावला. घरघर केली, सूं केली, किणकिण केली, लाकडी पुलावरून बैलगाडी जावी तसं काहीतरी केलं. समितीने एकेकाला आत बसून मारलं. घरघर ‘गरीब वाटते’. किणकिण ‘लक्ष वेधून घेते’. भोंगा म्हणाला, लक्ष वेधण्यासाठीच आहे ती. समिती म्हणाली, हो, पण सारखं सारखं कशाला? एकदा तर त्याने गयावया करून सगळ्यांना बाहेर यायला राजी केलं होतं. सगळे उतरले, बाहेर गरम होतंय असं एकमताने ठरलं, आणि सगळे परत आत गेले. त्या उतरण्या-चढण्यात दारांच्या कडेचे दिवे फार छान उमलतात हे साहेबांच्या लक्षात आलं आणि दिवे विभागाला बक्षीस मिळालं.

एका रविवारी भोंगा लॅपटॉप आणि रेकॉर्डर घेऊन घरीच बसला. म्हटलं, ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांनाच ऐकवावं. बाबा खुर्चीत, हा समोर जमिनीवर. बाबा काय म्हणतात ते नंतर ऐकता यावं म्हणून रेकॉर्डर चालू.

पहिला आवाज वाजला.

“फ्रिज,” बाबा म्हणाले.

दुसरा.

“शेजाऱ्यांचा फ्रिज.”

तिसरा वाजला. बाबांनी बराच वेळ मान तिरकी केली. “लाव की.”

“लावलाय बाबा.”

“मग हा बराय. हा कुणाला त्रास देणार नाही. गाडीखाली जाणाऱ्यालासुद्धा नाही.”

“बाबा, चेष्टा नको. एक तरी असा सांगा की तो ऐकला की माणूस बाजूला होईल.”

“आवाजाने माणूस बाजूला होत नसतो रे. आवाजाने तो नुसता दचकतो. बाजूला व्हायला त्याला वाटलं पाहिजे की मागे कुणीतरी आहे.” एवढं बोलून बाबा पाणी प्यायला उठले. ताई नेमकी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी होती, फोनवर मैत्रिणीशी तावातावाने बोलत. बाबा तिच्या मागे गेले आणि खाकरले.

ताई बाजूला झाली. बोलणं तुटलं नाही, मान वळली नाही, हातातली बादली हलली नाही. नुसती एक पाऊल सरकली. बाबा गेले.

भोंगा जमिनीवरून उठला. “ताई, तू आत्ता सरकलीस.”

“कधी?”

“आत्ता! बाबा आले तेव्हा.”

“काहीतरीच. मी इथेच तर उभी आहे,” ताई म्हणाली आणि मैत्रिणीला म्हणाली, “काही नाही गं, आमच्याकडे घरघर, सूं वगैरे चाललंय.”

भोंग्याने रेकॉर्डर बघितला. तो चालूच होता.

सोमवारी समितीची बैठक होती आणि भोंग्याच्या अंगात आता इतका वैताग साठला होता की भीतीला जागाच उरली नव्हती. त्याने बाबांचं खाकरणं गाडीत भरलं. वेग कमी असेल तर थोड्या थोड्या वेळाने एकदा. दुसरं काही नाही. घरघर नाही, किणकिण नाही.

आवारात दुपारच्या सुट्टीची गर्दी होती. समिती आत बसली, ‘गहन’ लागला, काचा वर गेल्या, गाडी निघाली. आणि खाकरली.

रखवालदाराने विडी पाठीमागे लपवली. कँटीनसमोरच्या घोळक्याची दोन शकलं झाली आणि मधे गाडीला जाईल एवढी वाट पडली. फोनमध्ये डोकं घालून चालणारा हिशेबनीस डोकं वर न काढता डावीकडे सरकला. दोन शिकाऊ इंजिनियर कठड्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले आणि का उभे राहिलो म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. कुणी दचकलं नाही. कुणी ओरडलं नाही. सगळं आवार पदर सावरल्यासारखं बाजूला झालं. भोंगा झाडूंच्या खोलीच्या दारातून बघत होता आणि तोही नकळत एक पाऊल मागे सरकला.

आत काय झालं हे त्याला नंतर झुंबर मॅडमकडून कळलं. काचा कितीही जाड असल्या तरी बाबांचं खाकरणं पुसटसं आत पोचलंच. पण खाकरणं ऐकल्यावर समितीतल्या प्रत्येकाला वाटलं की मोठे साहेब खाकरले, म्हणजे आता ते काहीतरी बोलणार. सगळे गप्प झाले. साहेबांना वाटलं, हे आपल्याला बोला म्हणून सुचवतायत, पण बोलायला काही सुचेना, म्हणून तेही गंभीर झाले. पुन्हा खाकरणं आलं. पुन्हा सगळे जास्तच गप्प. अख्खी फेरी अशी झाली. त्या गाडीत इतकी शांतता कधीच नव्हती. आणि साहेबांच्या घशाचे गुण कापणार कोण? आवाज एकमताने मंजूर झाला. शेरा होता : अत्यंत शांत.

हल्ली गाड्यांना नवे आवाज परस्पर हवेतूनच पाठवता येतात, फोनला पाठवतात तसे. दुसऱ्या दिवशी गावभरच्या गाड्या खाकरायला लागल्या.

“बाबा, चला,” भोंगा म्हणाला. “बोलते गाडी.”

बाबांनी नवी काठी घेतली. कोपऱ्यावर आले तेव्हा डाव्या हाताने एक गाडी हळूहळू येत होती. ती खाकरली. बाबा जागच्या जागी थांबले.

“कोण आहे?”

“गाडी.”

“ओळखीची वाटते.”

“तुम्हीच आहात ते.”

बाबांनी पुन्हा एकदा कान दिला. “जरा घाईत आहे,” ते म्हणाले. “शेवट मी इतका पटकन सोडत नाही.” मग त्यांनी गाडीला कसं खाकरायचं ते खाकरून दाखवलं. गाडीवाल्याने म्हातारा माणूस बघून वेग अगदी कमी केला, त्यामुळे गाडी परत खाकरली. बाबांनी उत्तर दिलं. रस्त्यावरचे लोक आता दोन्ही बाजूंना सरकावं की कसं या विचारात उभे. शेवटी बाबांनीच काठी हलवली. “जा बाबा, तू हो पुढे. मी काय, रिकामाच आहे.”

त्या दिवशी बाइंडरकाकांच्या दुकानातलं भांडण चौकापर्यंत ऐकू आलं. संध्याकाळी चहाचा डबा संदर्भ विभागातून मोकळा झाला. बाबा रोज एकटे जायला लागले, आणि ताईने भोंग्याला न मागता दुसरा कप चहा दिला, जे तिच्या हिशेबाने पदक होतं.

मग साहेबांना फोन आला.

फोन येण्यात काही गैर नाही, पण गाडीच्या आत रेंज नव्हती म्हणून साहेब बाहेर आले. गाड्या खाकरायला लागल्यापासून पहिल्यांदाच. आवाराच्या मधोमध पाठमोरे उभे राहून ते कुणाला तरी झापत होते. मागून एक गाडी जागेवर लावायला म्हणून हळूच आली आणि खाकरली. साहेब बाजूला झाले. नुसते बाजूला झाले नाहीत, फोन खाली गेला, कोटाचं बटण लागलं, मान झुकली आणि तोंडातून शब्द आले, “हो हो, या ना, या.”

मग त्यांनी वळून बघितलं. गाडी होती. आत ड्रायव्हर होता, आणि तो विरहात न्हाऊन निघाला होता.

“ही गाडी खाकरली?” साहेब म्हणाले.

भोंगा पुढे झाला. त्याला तर आनंदच झाला होता, हाच त्याचा मूर्खपणा. “साहेब, बघितलंत? तुम्ही स्वतः बाजूला झालात! म्हणजे आवाज चालतो.”

“मी बाजूला झालो नाही.”

“सगळ्यांनी बघितलं, साहेब.”

“कुणी बघितलं?”

रखवालदार विडी शोधायला लागला. हिशेबनीस फोनमध्ये गेला. झुंबर मॅडम मान वर करून आकाशाची छटा तपासत होत्या. कुणीच काही बघितलं नव्हतं, आणि काही वेळाने ऐकलंही नव्हतं. संध्याकाळच्या आत सगळ्या गाड्यांना ‘झुळूक’ परत गेली, आणि मागोमाग पत्रक निघालं की कंपनीची गाडी खाकरत नाही, खाकरली नव्हती, आणि खाकरणं हे तिच्या स्वभावातच नाही.

हे बाबांना सांगायचं भोंग्याने सकाळवर ढकललं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत असतानाच बाबा बाहेर पडले. तो साबण लावलेल्या तोंडाने, अनवाणी धावला. कोपऱ्यावर बाबा एक पाय रस्त्यावर, एक फुटपाथवर असे उभे होते आणि एक गाडी त्यांच्या काठीपासून हातभर अंतरावरून सुळकन गेली. भोंग्याने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

“आज गाड्या गप्प का रे?” बाबा म्हणाले. “संप आहे का?”

“घसा बसलाय त्यांचा.”

बाबा समजायचं ते समजले. जन्मभर वरिष्ठ पाहिलेला माणूस. “हरकत नाही,” ते म्हणाले. “त्या खाकरत नाहीत तर मी खाकरतो.” आणि ते खाकरले. अगदी पूर्वीसारखे, शेवट न तोडता. पानवाला सरकला, सायकलवाला सरकला, एक कुत्रंसुद्धा सरकलं. गाडी मात्र सरकली नाही. तिच्या काचा वर होत्या, आत अत्यंत शांत होतं.

आता भोंगा रोज सकाळी बाबांचा दंड धरून त्यांना दुकानात सोडतो. संध्याकाळी ताई आणते. बाबांना हे आवडत नाही. पेपरातल्या बातम्यांवर ते पुन्हा ‘असेल बुवा’ म्हणायला लागले आहेत. भोंगा रोज कामावर उशिरा पोचतो. कंपनीने त्याच्याकडे लेखी खुलासा मागवला, तेव्हा त्याने झाडूंच्या मधे बसून तो लिहिला आणि रीतसर आवक खिडकीत दिला. खुलाशाचा शेवट असा :

“सबब, माननीय परीक्षण समितीस नम्र विनंती करण्यात येते की, समितीच्या सर्व सदस्यांनी पुढील बैठकीस गाडीच्या बाहेर, रस्त्यावर, पाठमोरे व डोळे मिटून उभे राहावे. प्रकृती, ऊन अथवा पदाची प्रतिष्ठा यांमुळे तसे करणे शक्य नसल्यास, मोठ्या साहेबांनी पुढील आदेश होईपर्यंत रोज सकाळी आमच्या घराजवळील कोपऱ्यावर स्वतः उपस्थित राहून प्रत्येक गाडीपुढे खाकरावे, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अधोस्वाक्षरीकर्त्याच्या वडिलांना तोंडी सादर करावा.”